तोंडाच्या कॅन्सरचे उपचार संपले, आता घरी काय काय करायचं? (बेळगाव–निपाणी–चिकोडी भाग)

वेदगंगाकाठ
नमस्कार मंडळी. ऑपरेशन कुठं करावं, शेक (रेडिएशन) कुठं घ्यावेत यावर इथं भरपूर लिहून झालंय. शेवटचा शेक झाल्यावर मात्र हातात फाईल देतात, 'महिन्यानं दाखवायला या' म्हणतात आणि घरच्यांना वाटतं, आता नुसता आराम. म्हणून हा वेगळा धागा.

पेशंट निपाणीजवळच्या गावातला. वय ५२, वजन ५५ किलो. उजव्या गालाचा कॅन्सर, मानेच्या गाठी काढल्या, गालात छातीचा फ्लॅप (छातीवरून घेतलेला कातडी-मांसाचा तुकडा) बसवला. नंतर ३० शेक, एकूण ६० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप). शेक संपून १० दिवस झालेत, नाकात नळी आहे. विचारायचंय ते असं: नळीतून काय आणि किती घालायचं? तोंड जेमतेम दीड बोट उघडतंय, त्याचं काय? डावीकडची एक दाढ हलते, ती गावातल्या दवाखान्यात काढून टाकू का? उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. आणि पुढच्या तपासण्या कोणत्या, किती महिन्यांनी?

शेक संपूनही तोंडातली आग वाढूलीय, म्हणून घरचे घाबरलेत.

खडेबाजार
आधी दाढ. काढू नका. बाकी सगळं नंतर वाचलं तरी चालेल.

जांबोटी_घाट
आग वाढणं अपेक्षित आहे. शेकांचा परिणाम मशीन बंद झाल्यावरही काही दिवस वाढतच राहतो, शेवटच्या शेकानंतरचे एक ते दोन आठवडे सगळ्यात वाईट. नंतर आतलं कातडं भरायला लागतं, त्याला साधारण चार ते आठ आठवडे धरा. चव त्याहून उशिरा येते, काही महिने लागतात, कधी वर्षही. लाळ पूर्वीइतकी येईलच असं नाही.

गुळण्या: एक लिटर उकळून कोमट केलेलं पाणी, एक सपाट चमचा मीठ, एक सपाट चमचा खायचा सोडा. दर दोन-तीन तासांनी, जेवणाआधी आणि नंतर. पाणी रोजचं रोज नवीन करायचं. खळखळून गुळणी मारता येत नसेल तर तोंडात धरून मान डावी-उजवीकडे कलती करायची आणि सोडून द्यायचं. बाजारातले अल्कोहोलवाले माउथवॉश आणि तुरटीचं पाणी दोन्ही बंद. दोन्हींनी तोंड आणखी कोरडं पडतं.

जिभेवर-टाळूवर दह्यासारखे पांढरे ठिपके दिसले, पुसले की निघतात आणि खाली लाल दिसतं, तर ती बुरशी. गुळण्यांनी जात नाही, औषध लागतं, डॉक्टरांना दाखवा. दुखण्याच्या गोळ्या परस्पर बंद करू नका. दुखणं दाबलेलं असेल तरच पेशंट गिळायचा आणि तोंड उघडायचा व्यायाम करेल.

नाचणी_आंबील
नळीचं मी लिहिते, जरा लांब होईल.

हिशोब आधी. या अवस्थेत किलोमागे रोज सुमारे ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५५ किलोला म्हणजे साधारण १६५० कॅलरी आणि ६५ ते ८० ग्रॅम प्रथिनं. आपल्याकडं नळीतून काय जातं? भाताची पेज, नारळपाणी, मोसंबीचा रस, डाळीचं वरचं पाणी. दिवसभर दोन लिटर गेलं म्हणून घरचे खूश, आणि वजन दर आठवड्याला उतरतंय.

हे बघा, एका दिवसाचं सामान: गाईचं दूध १ लिटर, उकडलेली अंडी ३, मूगडाळ ७५ ग्रॅम (कोरडी मोजून), मोड आणलेल्या नाचणीचं पीठ ६० ग्रॅम, तेल किंवा तूप ४ चमचे, गूळ किंवा साखर ४० ग्रॅम, एक केळं. सगळं धरून साधारण १७५० कॅलरी आणि ७० ग्रॅमच्या वर प्रथिनं होतात. अंडी चालत नसतील तर डाळ वाढवा आणि १०० ग्रॅम पनीर दुधात अगदी बारीक फिरवून घाला. शुगर असेल तर गूळ-साखर बंद आणि बाकीचं प्रमाण आहारतज्ज्ञाकडून घ्या. किडनीचा त्रास असेल तर हे प्रमाण तसंच उचलू नका.

नाचणीला मोड आणायचंच. साध्या पिठाची आंबील पातेल्यात पातळ दिसते, गार होताना घट्ट होते आणि नळीत अडकते. मोड येताना धान्यात असा पाचक रस तयार होतो की पिष्ट सुटतं आणि आंबील पातळ राहते, म्हणजे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. नाचणी रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, सावलीत वाळवा, मंद आचेवर हलकी भाजून दळा. करपेपर्यंत भाजली तर तो रस मरतो आणि सगळी मेहनत वाया.

सगळं मिक्सरमधून काढून आधी चाळणीतून, मग पातळ मलमलीतून गाळा. मलमल मुकाट्यानं वापरा, नुसत्या चहाच्या गाळणीवर भागत नाही.

द्यायची पद्धत: पेशंट उठून बसलेला, निदान पाठ ४५ अंशांत. नळीवर नाकपुडीपाशी जी खूण केलेली असते ती जागेवर आहे का ते प्रत्येक वेळी बघा. ५० मिलीची सिरिंज, दांडा काढून. नळी चिमटीत धरून सिरिंज लावायची, आधी ३० मिली पाणी, मग २०० ते २५० मिली आहार, परत ३० ते ५० मिली पाणी. सिरिंज डोक्याच्या वर वीतभर धरली की आपोआप उतरतं, दांड्यानं ढकलायचं नाही. एका वेळेला १५ ते २० मिनिटं लागली पाहिजेत. नंतर तासभर आडवं व्हायचं नाही. दिवसातून सात-आठ वेळा.

तयार आहार बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. फ्रिजमधला असेल तर गरम पाण्यात भांडं ठेवून कोमट करा.

खडेबाजार
यात औषधांचं घाला अक्का. नळ्या बंद पडतात त्यातल्या बऱ्याच गोळ्यांमुळंच.

नाचणी_आंबील
हो, राहिलं. प्रत्येक गोळी वेगळी कुटायची, वेगळ्या पाण्यात विरघळवायची, दोन गोळ्यांच्या मध्ये थोडं पाणी. आहारात मिसळायची नाही. नावापुढं 'एसआर', 'ईआर', 'एक्सएल' लिहिलेली गोळी कुटायची नाही, दिवसभरात हळूहळू सुटायचं औषध एकदम अंगात जातं. त्याचं पातळ औषध किंवा दुसरा पर्याय लिहून मागा.

नळी तुंबली तर कोमट पाणी सिरिंजमध्ये घेऊन हलकेच आत-बाहेर, पाच-दहा मिनिटं धीर धरून. तार, सुई, केरसुणीची काडी घालणारे आहेत म्हणून सांगते, नळीला आत भोक पडतं. आणि नळी बाहेर आली, खूण हलली तर घरी परत सारायची नाही. श्वासनळीत गेली तर आहार थेट फुप्फुसात जातो. आत टाके आणि फ्लॅप आहे, ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं तिथं फोन करूनच पुढचं.

दाढदुखी
आता दाढ. शेकांनी जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, खालच्या जबड्याचा जास्त. बाहेरून हाड चांगलं दिसतं, पण दाढ उपटली की ती जखम भरायला लागणारी ताकद त्यात नसते. हाड उघडं पडतं, कुजतं, पू येतो, कधी जबडाच मोडतो. हा धोका वर्षा-दोन वर्षांत संपत नाही, जन्मभर राहतो. म्हणून दहा वर्षांनी सुद्धा कुठल्याही दाताच्या डॉक्टरकडं गेलं की पहिलं वाक्य: 'इथं ६० ग्रे शेक झालेत.' सोबत रेडिएशनचा कागद, ज्यात किती ग्रे, किती शेक, कोणत्या भागाला, हे लिहिलेलं असतं.

हलणारी दाढ कर्करोगाच्या पेशंटचे दात बघणाऱ्या दंतविभागात दाखवा. शेक देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून ते ठरवतील: मूळ साफ करून वरचा भाग कापून दाढ तशीच ठेवता येते का, की काढावीच लागेल. डावी बाजू शेकाच्या क्षेत्रात किती आली, यावर बरंच अवलंबून आहे. एका बाजूलाच शेक असतील तर उत्तर वेगळं येईल.

राहिलेले दात टिकवणं हे दुसरं काम. लाळ आम्ल धुऊन काढते. ती नसली की हिरड्यांलगत दाताच्या मानेभोवती कीड लागते आणि काही महिन्यांत चांगले दात करवतीनं कापल्यासारखे तुटतात. उपाय रोजचा आहे: अगदी मऊ ब्रश, आणि १.१ टक्के सोडियम फ्लोराईडची जेल किंवा ५००० पीपीएम फ्लोराईडची पेस्ट, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. दातांच्या मापाचा ट्रे करून मिळतो, त्यात जेल घालून रात्री पाच मिनिटं. नंतर नुसतं थुंकायचं, चूळ भरायची नाही, अर्धा तास खाणं-पिणं नाही. तोंड अजून सोललेलं असेल तर भरेपर्यंत थांबा.

सोनचाफा_२
मिश्री लावली तर? काळी भाजलेली, थोडीशी, दात घासायपुरती. आमच्याकडं बायका म्हणतात ती तंबाखू नव्हेच.

दाढदुखी
तंबाखूच आहे, भाजलेली. हिरडीतून जाते. बंदच. कोरी सुपारीही बंद, तंबाखू नसली तरी सुपारी स्वतः कॅन्सर करते आणि गाल आवळते. 'नुसतं पान-चुना' म्हणून परत सुरू होतं ते याच वाटेनं. एकदा कॅन्सर झालेल्या तोंडात दुसरी जागा उठायचा धोका तसाही असतो, त्यात भर नको. सुटत नसेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवायला मदत करणारा सरकारी मोफत नंबर आहे.

संथचाल
तोंड उघडण्याचं मी घेतो. सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथं होतं आणि नंतर भरून काढणं सगळ्यात अवघड हेच.

मोजायचं कसं: वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर, शाळेच्या पट्टीवर, मिलिमीटरमध्ये. ३५ च्या खाली म्हणजे जबडा आखडलाय. पेशंटची स्वतःची तीन बोटं उभी आत गेली तर ठीक. दीड बोट म्हणजे अंदाजे २५, बोटांच्या जाडीप्रमाणं. दर रविवारी मोजून कॅलेंडरवर लिहा.

चावायच्या स्नायूंना शेक लागला की ते दोरीसारखे घट्ट होत जातात. ही घट्ट होण्याची घाई शेक संपल्यानंतरच्या पहिल्या आठ-नऊ महिन्यांत असते. म्हणून 'आग कमी झाली की बघू' म्हणून दोन महिने घालवले, तर गेलेले मिलिमीटर परत मिळवायला फार जड जातं.

काड्या: मेडिकलमध्ये जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्या मिळतात, नाहीतर आइस्क्रीमच्या चपट्या नवीन काड्या. एक साधारण दोन मिलिमीटर. जितक्या सहज मावतात तितक्या एकावर एक रचून चिकटपट्टीनं बांधा, स्वच्छ फडक्याची एक घडी गुंडाळा, दाढांच्या जागी सरकवा (चांगल्या बाजूनं), ३० सेकंद धरा, काढा. असं पाच वेळा, दिवसातून पाचदा. मध्ये आणखी एक काडी हलकेच सरकवून ताण द्यायचा. ताण जाणवला पाहिजे, कळ यायला नको. तीन-चार दिवस तेवढं सोपं गेलं की एक काडी वाढवा. सगळा जोर एकाच हलणाऱ्या दातावर येऊ देऊ नका. इथं डावी दाढ हलतेय, म्हणून काड्या पुढं घ्यायच्या की काय, हे फिजिओ (व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट) आणि दाताच्या डॉक्टरांना दाखवून ठरवा.

गरम पिशवीनं गाल शेकू नका. शेक घेतलेल्या आणि ऑपरेशन झालेल्या गालाला नीट कळत नाही, भाजल्याचं नंतर दिसतं. अंघोळीनंतर किंवा कोमट पाणी तोंडात धरून झाल्यावर व्यायाम करा, तेवढी ऊब पुरते. जबड्यात प्लेट असेल किंवा फ्लॅप नवीन असेल तर सर्जननं हो म्हटल्यावरच सुरुवात.

आणि एक: रोज व्यायाम करूनही तोंड एकदम बंद व्हायला लागलं, कानात कळ जायला लागली, तर काड्या वाढवायच्या नाहीत. डॉक्टरकडं जायचं. आजार परत आलाय का किंवा हाडाला काही झालंय का, ते बघावं लागतं.

वेदगंगाकाठ
मनापासून आभार. खांद्याचं?

संथचाल
मानेच्या गाठी काढताना खांदा उचलणारी नस ताणली जाते, कधी कापावी लागते. ताणली असेल तर सुधारायला महिने लागतात, वर्षही लागतं. तोपर्यंत हात लोंबकळत ठेवला की सांधा आखडतो आणि नस बरी झाली तरी खांदा हलत नाही. बसताना कोपराखाली उशी, चालताना हात खिशात किंवा कमरेला खोचून. रोज तीन वेळा: वाकून हात लोलकासारखा सोडून छोटे गोल १०-१०, मग भिंतीकडं तोंड करून बोटांनी भिंत चढणं (कालच्या उंचीला खडूनं खूण करा), मग चांगल्या हाताच्या आधारानं काठी धरून वर. शिवाय दोन्ही खांदे मागं घेऊन पाठीची पाती जवळ आणणं, पाच सेकंद, दहा वेळा. पाण्याची घागर, वैरणीचा भारा, दुधाचं कॅन त्या हातानं उचलायचं नाही, निदान फिजिओ हो म्हणेपर्यंत.

हनुवटीखाली सकाळी थुलथुलीत सूज दिसते ती बऱ्याचदा लसिकेची (गाठी काढल्यावर साठणाऱ्या अंगातल्या पाण्याची, लिम्फची), दिवसा उतरते. डोक्याकडची बाजू उंच करून झोपा. मानेला उपरणं आवळून गुंडाळू नका. उन्हात जाताना सैल सुती कापड टाका, दाढीला वस्तऱ्याऐवजी ट्रिमर.

गोकाक_फॉल्स
तोंडानं खाणं कधी सुरू करायचं? एकानं सांगितलं पातळ पाण्यापासून सुरू करा, घशाला सोपं.

नाचणी_आंबील
पाणी सोपं वाटतं, पण ज्याचं गिळणं बिघडलंय त्याला बऱ्याचदा पाणीच जास्त धोक्याचं. वेगानं वाहतं आणि श्वासनळीत घुसतं. शक्य असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्या, बेळगावच्या मोठ्या हॉस्पिटलांत स्पीच थेरपीचा विभाग असतो. नंतर सरसरीत खीर, घोटलेलं दही, मऊ शिजवून फिरवलेली खिचडी अशा जाडीपासून, अर्धा चमचा, ताठ बसून, एक घास दोनदा गिळून. खाताना ठसका, खाल्ल्यावर आवाज ओला-घरघरता, किंवा संध्याकाळी बारीक ताप, यातलं काही दिसलं तर तोंडानं देणं थांबवा आणि दाखवा.

नळी असली तरी गिळायचा सराव सोडायचा नाही. दिवसातून काही वेळा थुंकी जोर लावून गिळायची, मोठी गोळी गिळतोय असं समजून. पंधरा दिवस तोंडानं पुरेसं जातंय आणि वजन टिकलंय, असं दिसल्यावर डॉक्टर नळी काढायचं बघतात.

पुढं जेवताना: भाकरी कोरडी जात नाही, दुधात किंवा आमटीत कुस्करून, वर लोणी. संकेश्वरी मिरचीची चटणी, तांबडा रस्सा, भडंग हे बराच काळ विसरा. कुंदा (बेळगावची खव्याची मिठाई) मऊ असतो, चमचाभर दुधात कालवून चालतो, लगेच गुळणी करून. करदंट नको, डिंक आणि सुका मेवा दातात रुततो.

खडेबाजार
कुंद्याला परवानगी मिळाली, बेळगाव सुटलं 😄

जांबोटी_घाट
पुढच्या तपासण्या. नेहमीचा क्रम असा: पहिलं वर्ष दर एक ते तीन महिन्यांनी, दुसरं दोन ते सहा महिन्यांनी, तिसरं ते पाचवं चार ते आठ महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. तुमच्या डॉक्टरांचा आकडा वेगळा असेल तर तोच पाळा. मानेला शेक असतील तर टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी. माणूस सुस्त पडतो, थंडी वाजते, शौचाला होत नाही, आणि घरचे 'कॅन्सरचा थकवा' म्हणून सोडून देतात. खरं तर रोजच्या एका गोळीचं काम असतं. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध दिलं असेल तर ऐकू येणं आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासा.

थकवा मात्र खराच असतो आणि पडून राहिल्यानं वाढतो. सकाळी दहा मिनिटं चालणं, आठवड्याला पाच मिनिटं वाढवत अर्ध्या तासापर्यंत न्या.

वाट न बघता जायचं कधी: दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, मानेत नवीन गाठ, तोंडातून रक्त, महिन्यात अडीच-तीन किलो उतरणं. केमो होऊन थोडेच दिवस झाले असतील आणि ताप १००.४ च्या वर, तर त्याच दिवशी.

हत्तरगी_नाका
कागद आणि पैशाचं कोणी लिहिलं नाही, म्हणून.

डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, गाठीचा बायोप्सी रिपोर्ट, रेडिएशनचा कागद, केमोचा तक्ता. पाचही इंग्रजीत मागून घ्या, दोन-दोन झेरॉक्स. आपल्याकडं पेशंट आज बेळगाव, उद्या हुबळी, परवा मिरज किंवा कोल्हापूर असा फिरतो. कन्नडमधल्या सूचना पलीकडच्या डॉक्टरला कळत नाहीत आणि मराठीतल्या इकडं.

कर्नाटकात 'आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक'खाली बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, बाकीच्यांना पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. घरी गेल्यावरची औषधं साधारण १५ दिवसांपर्यंतचीच पॅकेजमध्ये धरतात, म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच ती मागून घ्या. फ्लोराईड जेल, सिरिंज, पट्ट्या यांचा खर्च आपला धरून चाला. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतला. त्यावरून दोन राज्यांत जे रामायण झालं ते या धाग्यावर नको. गाव यादीत आहे का आणि कागद कोणते, हे तिकडच्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला (योजनेची माहिती देणाऱ्या माणसाला) जायच्या आधी फोनवर विचारा. घरात कुणाकडं बिडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर केंद्राच्या श्रम कल्याण योजनेत कॅन्सर उपचाराच्या खर्चाची भरपाई आहे, बिलं फेकू नका.

सोनचाफा_२
बायकांना बस फुकट आहे की, तपासणीला जायला?

हत्तरगी_नाका
कर्नाटकच्या सरकारी साध्या बसला, राज्याच्या आत. हुबळीला चालेल, आधार दाखवून. निपाणीहून कोल्हापूरला तिकीट काढावं लागतं. रेल्वेत कॅन्सर पेशंटला तपासणीच्या प्रवासालाही सवलत आहे: स्लीपर आणि थ्री एसीत पेशंटचं भाडं माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट. ठरलेला फॉर्म हॉस्पिटलातून भरून सही-शिक्का घ्या आणि स्टेशनच्या खिडकीवर तिकीट काढा. पुढच्या भेटीला गेलात की तो फॉर्म आधी मागा, शेवटी मागितला की सही करणारे साहेब निघून गेलेले असतात.

वेदगंगाकाठ
दाढ तशीच ठेवायला सांगितलीय, दंतविभागात सोमवारी दाखवायचं ठरलंय. आज पट्टीनं मोजलं, २४ मिमी. पेशंटची बायको तंबाखूच्या वखारीत कामाला जाते, तिच्या लुगड्यावरून धूळ येते, त्यानं काही होतं का?

जांबोटी_घाट
सोललेल्या तोंडाला आणि घशाला ती धूळ झोंबते, ठसका लागतो. शिवाय त्या वासानं तलफ उठते, हे दुसरं. घरी आल्यावर बाहेरच अंगावरचं बदलून हात-तोंड धुवून मग पेशंटजवळ. आहार गाळायची मलमल आणि सिरिंज वखारीच्या कपड्यांपासून लांब झाकून ठेवा. पेशंट स्वतः वखारीत जाणार असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारूनच.

संथचाल
२४ लिहून ठेवा. पुढच्या रविवारी आकडा इथं टाका, २२ च्या खाली गेला तर फिजिओकडं त्याच आठवड्यात.